हातच्याची वजाबाकी: काड्या-गठ्ठ्यांचा उपयोग झाला हे कसं ठरवायचं?

प्रश्न
तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी दोन आठवडे काड्या आणि दहाचे गठ्ठे घेऊन शिकवली. आधी आणि नंतर तोच १० गुणांचा पेपर दिला. वर्गाची सरासरी ४ वरून ७ वर गेली. पद्धत लागू पडली असं म्हणता येईल का?

उत्तर १
नुसत्या सरासरीवरून नाही. गणितं तीन प्रकारांत वेगळी करा: बिनहातच्याची (५८−२३), हातच्याची (५२−२७), मध्ये शून्य असलेली (४०२−१५७). प्रत्येक प्रकारची निदान तीन हवीत. एखादं चुकूनही बरोबर येतं. मग चुकलेली उत्तरं वाचा, खरी माहिती तिथेच आहे. ५२−२७ = ३५ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतंय, त्याला हातचा कळलेलाच नाही. ४०२−१५७ = २५५ लिहिणाऱ्याने शतक सोडवलं, एककाला दशकही दिलं, पण उरलेल्या दशकांचे १० चे ९ केले नाहीत. गुण दोघांनाही शून्य. पहिल्याला पुन्हा काड्यांकडे न्यावं लागेल, दुसऱ्याला फक्त शंभराचा गठ्ठा सोडून दाखवला तरी पुरेल.

उत्तर २
तोच पेपर पुन्हा देऊ नका, उत्तरं लक्षात राहतात. प्रकार तेच, संख्या बदला. आणि तीन-चार आठवड्यांनी, उजळणी न घेता, तिसरी चाचणी घ्या. टिकलं तेवढंच शिकलं.
वाढ मोजताना मुळात किती वाढ शक्य होती तेही पाहावं: (७−४) ÷ (१०−४) = ०.५. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांसाठी हेच माप लावलं. पारंपरिक व्याख्यानांत सरासरी ०.२३, विद्यार्थ्यांच्या सहभागाच्या वर्गांत ०.४८ आली. ते आकडे तिसरीच्या गणिताला लावू नका, सूत्र तेवढं घ्या.

उत्तर ३
काड्यांनी जमतं आणि वहीत चुकतं, असं फार होतं. ५२−२७ करताना गठ्ठा सोडला की त्याच क्षणी दशकाचा ५ खोडून ४ लिहायला लावा. कृती आधी आणि लेखन नंतर ठेवलं की दुवा तुटतो. पाच-सहा मुलांना एकेकटं बसवून विचारा, ‘हे १२ कुठून आले?’ ‘बाईंनी सांगितलं’ हे उत्तर आलं तर बरोबर गणितही कच्चंच धरा.

प्रश्नकर्ता
तुलनेला दुसरी तुकडी नाही. मग?

उत्तर २
पुढच्या घटकाला शिकवण्याआधीच दोन आठवड्यांच्या अंतराने दोन चाचण्या घ्या. त्या दोन्हींत जेवढी वाढ दिसेल ती सरावाची आणि वयाची. पद्धतीच्या खात्यात त्यावरचीच धरा.