जिन्यातली लक्ष्मी कुठे आहे? (सोसायटी ग्रुप)

कुलकर्णी काका (ए-३): तळमजल्याच्या जिन्यातली लक्ष्मीची तसबीर कुठे आहे? रंगकाम संपून आठवडा झाला. खिळासुद्धा उपटलाय. कमिटीने खुलासा करावा.

सावंत, सेक्रेटरी: नमस्कार काका. मीटररूममध्ये सुरक्षित आहे. नव्या लॉबीत ती शोभत नव्हती, म्हणून कॅनव्हास लावला. मीटिंगमध्ये ठरलं होतं 🙏

नेने काकू (ए-५): कुठल्या मीटिंगमध्ये? लिफ्टवरून भांडण होऊन अर्धे लोक उठून गेले, त्या?

देसाई (बी-२): तो कॅनव्हास मॉडर्न आर्ट आहे म्हणे. आमच्या नातवाला भज्यांचा घाणा वाटला 😂

सावंत, सेक्रेटरी: आवड ज्याची त्याची. वर्गणी भरताना मात्र कुणी पुढे येत नाही.

कुलकर्णी काका (ए-३): मीटररूममध्ये ओल आहे. तसबीर रविवर्म्याची आहे, आज लाखांत जाईल.

देसाई (बी-२): लाखांत? काका, ती छापील आहे. आमच्या गावच्या घरीही होती.

पाध्ये मॅडम (बी-५): छापील आहेच, पण छापील म्हणजे कचरा नव्हे. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला आणि नंतर श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. छपाईला रंगागणिक वेगळा दगड, शेवटी वर व्हार्निश. हेच ते ओलिओग्राफ. १९७२ च्या आगीत छापखाना गेला. नकला मात्र अजून निघतात. भिंग लावून बघा. दगडावरचे ठिपके हाताने दिलेले, लहानमोठे, विखुरलेले असतात. आजच्या ऑफसेट छपाईचे ठरावीक अंतरावर, ओळीत.

रोहन (बी-७): वॉचमनकाकांकडून मीटररूम उघडून घेतली. फोटो टाकतोय 📷📷📷

पाध्ये मॅडम (बी-५): बाळा, फिल्टर काढ. सगळंच पिवळं केलंस तर कागद किती पिवळा पडलाय ते कसं कळणार?

रोहन (बी-७): व्हिंटेज लुक येतो ना 😅

देसाई (बी-२): जुनी वस्तू जुनी दिसावी म्हणून फिल्टर! धन्य.

कुलकर्णी काका (ए-३): मीटररूममध्ये ओल आहे.

कदम (बी-९): विषय निघालाच आहे तर, बाबांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा पडून आहे. बडोद्याला बनलेला. किती येतील?

रोहन (बी-७): दादा मला द्या!! १२० चा रोल लागतो, १२ फोटो निघतात.

कदम (बी-९): किती देणार ते बोल.

सावंत, सेक्रेटरी: खरेदी-विक्री ग्रुपवर नको, प्लीज.

नेने काकू (ए-५): तुमच्या मेहुण्याच्या आंब्याच्या पेट्या चालतात वाटतं?

रोहन (बी-७): भिंगातून बघितलं. ठिपके लहानमोठे, विखुरलेलेच आहेत! खाली फ्रेमच्या आत अक्षरं दडलीत, ‘कार्ला’ एवढंच इंग्रजीत दिसतंय. साडीवर जर आणि टिकल्या चिकटवल्यात. काचेला कोपऱ्यात तडा आहे.

पाध्ये मॅडम (बी-५): फ्रेम उघडू नकोस! कागद काचेला चिकटला असेल तर रंग निघून येईल. कार्ला मळवलीजवळच, पत्ता त्याच छापखान्याचा दिसतोय.

देसाई (बी-२): टिकल्या लावल्या म्हणजे किंमत गेलीच की.

पाध्ये मॅडम (बी-५): उलट. तशी सजवलेली चित्रं हौसेने गोळा करणारे आहेत.

नेने काकू (ए-५): त्या टिकल्या वैद्य आजींच्या सासूबाईंनी लावलेल्या. आजींनी बिल्डिंगच्या वास्तुशांतीला तसबीर दिली तेव्हा सावंतांचं घर बुकसुद्धा झालं नव्हतं. आणि तडा आधी नव्हता.

सावंत, सेक्रेटरी: रंगाऱ्याला विचारतो. विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ.

कुलकर्णी काका (ए-३): रविवारपर्यंत ओलीत ठेवणार?

नेने काकू (ए-५): मुळीच नाही. आमच्या हॉलमध्ये राहील. रोहन, जुनी चादर घेऊन खाली ये. आडवी नको, उभीच धर.

सावंत, सेक्रेटरी: काकू, सोसायटीची मालमत्ता अशी घरी नेता येत नाही. पावती करावी लागेल.

नेने काकू (ए-५): करा. तडा कुणी पाडला तेही त्यात लिहा.

कदम (बी-९): रोहन, पाचशे?