मदत हवी आहे: गोदावरीच्या गाळातून मायक्रोप्लास्टिक वेगळं करताना फिल्टर तुंबतो

मंडळी, नाशिकमध्ये रामकुंडाच्या खालच्या अंगाचा गाळ मायक्रोप्लास्टिकसाठी (५ मिमीपेक्षा लहान प्लास्टिकचे कण) तपासतोय. ६० अंशांवर वाळवून, ५ मिमी चाळणीतून काढलेला ५० ग्रॅम गाळ संपृक्त मिठाच्या पाण्यात (लिटरला साधारण ३६० ग्रॅम मीठ) ढवळून रात्रभर ठेवतो, म्हणजे माती खाली बसून प्लास्टिक वर तरंगावं. पण काळ्या मातीची चिकण बसतच नाही. काचतंतूचा फिल्टर लगेच चिखलाने लिंपतो. शिवाय या द्रावणाची घनता जेमतेम १.२, त्यामुळे पीईटी (बाटल्यांचं), पीव्हीसी (पाइपांचं) असं जड प्लास्टिक तळाशीच.

आधी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटने चिकण सुटी करून ६३ मायक्रॉन चाळणीवर धुवावी का? त्याहून बारीक कण जातील, ते चालेल. जड प्लास्टिकही तरंगावं म्हणून झिंक क्लोराईडचं १.५ घनतेचं द्रावण वापरणाऱ्यांनी ते गाळून पुन्हा कसं वापरता, तेही सांगा. असंच जड द्रावण देणारं सोडियम आयोडाइड परवडत नाही.