दुर्घटनेनंतर धावून येणाऱ्यांना नेमकं काम काय द्यायचं? (नाशिक)

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचं छोटं मंडळ आहे. पंचवीस-तीस जण, निम्मे कॉलेजातले. मोठा अपघात किंवा आग लागली की तासाभरात मोबाईलवर जळत्या गाडीचे आणि रडणाऱ्या नातेवाइकांचे व्हिडिओ फिरायला लागतात. ते बघून पोरं म्हणतात, लोक नुसते शूटिंग करत उभे राहतात, कुणाला कुणाचं काही नाही. मला हे पटत नाही. पण "माणुसकी अजून शिल्लक आहे" असं तोंडी सांगून ती ऐकणार नाहीत, हाताला काम मिळालं तर त्यांचं त्यांनाच दिसेल. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली बस नांदूर नाक्याजवळ पेटून १२ जण गेले. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे.

जाणकारांनी सांगावं: त्याच दिवशी रक्तदान शिबिर घेतलं तर उपयोग होतो का? प्रशिक्षण नसलेल्या माणसाने पहिल्या अर्ध्या तासात काय करावं? बाहेरगावहून आलेल्या नातेवाइकांना खरी गरज कशाची असते? आणि या मुलांशी बोलायचं काय?

रक्तघटक

रक्ताचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त चांगुलपणा इथेच वाया जातो.

अपघाताच्या दिवशी जखमींना जे रक्त चढतं ते आधीच फ्रीजमध्ये असलेलं. आज घेतलेल्या पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया अशी तपासणी होते, घटक वेगळे केले जातात, मगच ती बाहेर पडते. तोवर शस्त्रक्रिया होऊन गेलेली असते. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त ५ दिवस. एका दुपारी तीनशे जणांनी रक्त दिलं तर प्लेटलेटचा मोठा भाग आठवड्यात फेकला जातो. आणि ते तीनशेही जण पुढचे तीन महिने बाद! पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, बायकांना १२० दिवसांचं.

म्हणून शिबिराऐवजी पाळी लावा. साठ दाते गोळा करा, बारा आठवड्यांत वाटा, दर आठवड्याला पाच जण. तेरावा आठवडा रिकामा सोडला की चौदाव्यात पहिले पाच पुन्हा पात्र होतात. बायकांची नावं एक फेरी सोडून घाला. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजं बंद असतात, तेव्हा रक्तपेढ्यांत रक्ताची टंचाई होते. त्या आठवड्यांत पाचाऐवजी आठ जण ठेवा. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. वर्षभरात टॅटू काढलेला असेल तर नाही. उपाशीपोटी येऊ नये, अनेकांना चक्कर येते ती त्यामुळेच. दोन तास आधी पोहे-उपमा असं हलकं खाऊन, अर्धा लिटर पाणी पिऊन यावं.

घटना घडल्यावर रक्तपेढीला फोन करून "कोणता गट कमी आहे?" एवढंच विचारा आणि त्या गटाचेच दाते पाठवा. ओ निगेटिव्हवाल्यांची वेगळी यादी ठेवा आणि सगळ्यांना एकदम बोलावू नका.

महामार्गमित्र

पहिल्या अर्ध्या तासाचं लिहितो.

शूटिंग करणाऱ्यांबद्दल पोरांना एक सांगा. त्यातल्या बऱ्याच जणांना काय करावं हेच कळत नसतं आणि "पोलिसांचं लचांड मागे लागेल" ही भीती असते. ती भीती आता निराधार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, दवाखान्यात अडवून ठेवता येत नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजनाही आहे. "पैसे कोण भरणार?" म्हणून मागे सरणाऱ्या माणसाला हे ठाऊक हवं.

गर्दीत "कुणीतरी फोन करा" म्हटलं की कुणीच करत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला असेल. बोट दाखवून सांगायचं: "निळा शर्ट, तुम्ही ११२ लावा. दादा, तुम्ही मागची वाहनं थांबवा." थबकलेली माणसं नाव न विचारता कामाला लागतात. फोनवर जागा नीट सांगणं नाशिकात फार महत्त्वाचं, कारण मुंबई-आग्रा महामार्गाचा उड्डाणपूल शहराच्या डोक्यावरून जातो. नुसतं "द्वारका" सांगितलं तर रुग्णवाहिका खाली येते आणि जखमी वर पडलेला असतो. पुलावर की खाली, मुंबईकडे जाणारी बाजू की धुळ्याकडे जाणारी, हे पहिल्याच वाक्यात सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा.

आग किंवा इंधनगळती नसेल तर अडकलेल्याला ओढून काढू नका, मणक्याला इजा होते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने सलग दहा मिनिटं दाबायचं. मधे उचलून बघितलं की गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, अशा माणसाला कुशीवर वळवा. पाणी पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. एकटा माणूस थकला की दाब उथळ होतो.

भाजलेल्यावर नळाचं साधं वाहतं पाणी, २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद-शाई काही नको, दवाखान्यात ते खरवडून काढावं लागतं. अंगठ्या, बांगड्या सूज यायच्या आत काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. लहान मूल खूप भाजलं असेल तर पाण्याने ते गारठतं, म्हणून भाजलेला भागच भिजवा आणि बाकी अंग पांघरुणात ठेवा.

गोदावरी_२७

सिंहस्थाचं निघालंच आहे म्हणून. २७ ऑगस्ट २००३ ला इथे चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. अशा घटनेनंतर "लोकांनी एकमेकांना तुडवलं" असं लिहिलं जातं आणि माणसांवरचा विश्वास तिथेच उडतो. गर्दीचे अभ्यासक वेगळं सांगतात. चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांच्या वर गर्दी गेली की कुणाचंच शरीर त्याच्या ताब्यात राहत नाही. बहुतेक मृत्यू छाती आवळून श्वास कोंडल्याने होतात. मागून रेटा देणारे दुष्ट नसतात, त्यांना पुढचं दिसतच नाही. निरोप मागे पोचवणारी साखळी नसते, तिथे माणसं मरतात.

तेव्हा मंडळाच्या पोरांना स्वयंसेवक म्हणून घातलंच तर ओट्यावर, पायरीवर, उंच जागी उभं करा आणि "थांबा, पुढे जागा नाही" हा निरोप हात वर करून मागे पोचवण्याचं काम द्या. भाविकांना सांगायचं ते असं: हात छातीपुढे धरा म्हणजे श्वासाला जागा राहते, प्रवाहाच्या उलट जाऊ नका, तिरपं तिरपं कडेला सरका, पडलेली चप्पल-पिशवी उचलायला वाकू नका, शेजारचा पडला तर त्याच क्षणी दोघांनी काखेत धरून उभा करा. गर्दीत अनोळखी माणसं हे उचलण्याचं काम करतच असतात, जागा उरेपर्यंत.

सिव्हिलसमोर

नातेवाइकांबद्दल. इथे मंडळ सर्वात जास्त उपयोगी पडू शकतं आणि इथेच सर्वात कमी लोक येतात.

शवागाराबाहेर पाणी आणि चहा कुणीतरी आणतंच. कमी पडतात त्या गोष्टी म्हणजे चार्जिंगच्या केबली (तिन्ही प्रकारच्या), पॉवर बँक, पेन, कोरे कागद, झेरॉक्ससाठी सुटे पैसे, आणि बायकांना बसायला आडोसा. बस यवतमाळची असेल तर घरचे रात्रभर प्रवास करून येतात. मृतदेह ओळखण्यापलीकडे जळलेले असतील तर आई-वडील किंवा मुलांच्या रक्ताचा नमुना देऊन डीएनए अहवाल येईपर्यंत त्यांना दिवस काढावे लागतात. पंचवटीतल्या धर्मशाळांशी आधीच बोलून ठेवा, आठ-दहा खोल्या तरी.

कागदांचा क्रम असा: पोलिसांची अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन, मृतदेह ताब्यात मिळाल्याची पावती, मग मृत्यूची नोंद. ही नोंद २१ दिवसांत आणि मृत्यू जिथे झाला तिथेच होते, म्हणजे नाशिकला. घरचे गावी गेल्यावर दाखल्यासाठी पुन्हा इतक्या लांब यावं लागतं. नोंदीच्या वेळीच एकाने आधार कार्ड हातात धरून नावाचं प्रत्येक अक्षर जुळवून बघावं. दवाखान्यात घाईत "गणेश" लिहिलं, आधारवर "गणेशराव" असेल, तर विमा आणि बँक दोन्हीकडे अडतं. दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून स्पीड पोस्टाने गावी पाठवा. याहून मोठी मदत मला सुचत नाही.

मग बँक पासबुक बघायचं. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला २० रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला दोन लाख. ४३६ रुपये कापलेले असतील तर जीवनज्योती, तेही दोन लाख. सुरक्षा विम्याचा दावा ३० दिवसांत करायचा असतो आणि कितीतरी घरांना तो होता हेच माहीत नसतं. मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत धरून चाला. शवागाराबाहेर वकिलांचे दलाल कोऱ्या वकीलपत्रावर अंगठे घेतात, तिथे मंडळाचा एक माणूस उभा असावा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो.

पैसे गोळा करताना कुणा एकाच्या खात्याचा क्यूआर कोड फिरवू नका. मंडळ नोंदणीकृत नसेल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्या. जुने कपडे मागू नका. ते निवडायलाच दहा माणसं गुंततात आणि शेवटी ढीग तिथेच राहतो.

मनमोकळं

मुलांशी काय बोलायचं, ते. आधी व्हिडिओ पुढे पाठवणं बंद, ग्रुपवर तसा नियमच करा. पुन्हा पुन्हा बघण्याने मन तिथेच अडकतं.

मग त्यांना मदत शोधायला लावा. एका घटनेच्या बातम्या घ्या आणि प्रत्येक फोटोत मागे कोण काय करतंय ते लिहून काढा. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, तेव्हा रुळांकडेच्या झोपड्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्यांच्या झोळ्या करून जखमींना नेलं. लंडनमध्ये ७ जुलै २००५ च्या स्फोटांनंतर वाचलेल्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. अंधाऱ्या बोगद्यात अनोळखी लोकांनी पाणी वाटून घेतलं, जखमा बांधल्या, एकमेकांना सोडून गेले नाहीत, असंच चित्र त्यांतून आलं. आणि आपल्या दारातलं म्हणजे मे २०२० मध्ये कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे चालत येणारे मजूर. त्यांच्यासाठी महामार्गावर पाणी, भाकरी, चपला घेऊन उभे राहिलेले लोक या पोरांच्याच ओळखीचे निघतील. त्यांना जाऊन विचारू द्या, किती भाकऱ्या, कुठून आणल्या, कुणी भाजल्या.

दुःखात असलेल्याजवळ बसायचं तर "काय झालं ते सगळं सांगा" असा आग्रह धरू नका. लगेच सगळं बोलून घेण्याने बरं वाटतं हा समज चुकीचा आहे, जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका म्हणते. जवळ बसा, तो बोलला तर ऐका, त्याला कुणाला फोन करायचाय ते विचारा. "देवाची इच्छा", "निदान तुम्ही तरी वाचलात" हे तोंडातून जाऊ देऊ नका. बहुतेक माणसं आपल्या माणसांत सावरतात. महिन्यानंतरही झोप नाही, तेच दृश्य डोळ्यांपुढे येतंय, असं असेल तर डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

जुनं_नाशिक

सगळं मान्य, पण एक बाजू राहते. २१ एप्रिल २०२१ ला झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून जास्त रुग्ण दगावले. तिथे शेकडो माणसांची दया काही करू शकली नसती, देखभाल नीट हवी होती. मंडळाने चहा-पाण्याबरोबर पाठपुरावाही करावा. ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा जीवघेणे अपघात, नाहीतर दहा मृत्यू झाले असतील तर तो अपघातप्रवण पट्टा ठरतो. आकडे माहिती अधिकारात पोलिसांकडून मागा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीला अर्ज द्या. नंतर दर तीन महिन्यांनी "काय झालं?" हे लेखी विचारा. हेही मेलेल्यांसाठी केलेलंच काम आहे.

पंचवटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रक्ताची पाळी, धर्मशाळा आणि कागदांसाठी तीन-तीन जण, एवढं या महिन्यात लावतो. माहिती अधिकाराचा अर्जही टाकतो. महामार्गमित्र, मंडळाच्या खोलीत पेटी ठेवायची तर काय काय आणि किती?

महामार्गमित्र

दोन पेट्या करा, एक खोलीत, एक कुणाच्या तरी गाडीत. प्रत्येकीत १० सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या १०, निर्जंतुक गॉजची मोठी पाकिटं २०, त्रिकोणी पट्ट्या ६, हातमोज्यांच्या २० जोड्या, बोथट टोकाची कात्री (गाडीतला सीटचा पट्टा आणि कपडे कापायला), धुतलेल्या सुती चादरी ४, भाजलेल्यावर सैल झाकायला स्वयंपाकघरातलं पारदर्शक प्लास्टिक एक गुंडाळी, डोक्याला बांधायचा टॉर्च, परावर्तक जाकिटं ४, मार्कर पेन. रात्री जाकीट घातल्याशिवाय रस्त्यावर कुणालाही उतरू देऊ नका, मदत करणाराच गाडीखाली येतो. औषधं, गोळ्या अजिबात ठेवू नका. हातमोजे उन्हात ठेवलेल्या गाडीत ठिसूळ होऊन फाटतात, ते दर तीन महिन्यांनी बदला, गॉजवरची मुदतही तेव्हाच बघा.