विषय: शरद सहल – ब्लेनहाइमचा छपराचा पूल

सभासद बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

सहलीच्या कार्यक्रमात न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ ब्लेनहाइम येथील छपराचा पूल आहे. १८५५ साली बांधलेला मूळ पूल २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पुरात वाहून गेला आणि १९६४ मध्ये मिळालेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जाही २०१५ मध्ये काढून घेण्यात आला. तेव्हा २०१८ साली पूर्ण झालेली प्रतिकृती पाहण्यासाठी एवढा प्रवास करावा का, याचा समितीने विचार करावा, ही विनंती.

– एक आजीव सभासद

---

स. न. वि. वि.

आपली माहिती अचूक आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

स्कोहारी नदीवर मध्ये एकही खांब न घेता सुमारे २१० फुटांचे अंतर व्हर्मॉन्टच्या निकोलस पॉवर्स यांनी लाकडाने पार केले. दोन मार्गिका, तीन कैच्या (म्हणजे पुलाचे वजन पेलणारे लाकडी सांगाडे) आणि मधल्या कैचीत थेट आढ्यापर्यंत चढलेली कमान, अशी ती रचना होती. छप्पर वाटसरूंच्या सोयीसाठी नव्हते. सांध्यांत पाणी मुरले की लाकूड कुजते, म्हणून कैच्यांना छपराने आणि फळ्यांनी झाकले जाई, आणि त्यामुळेच पूल १५६ वर्षे टिकला. परांची काढताना पॉवर्स स्वतः छपरावर जाऊन बसले होते, अशी कथा तिथे सांगतात. ती खरी की रचलेली, कोण जाणे.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १९३२ मध्ये शेजारी पोलादी पूल झाल्यावर वाहतुकीसाठी जुन्याची गरज उरली नव्हती, तरी परगण्याने तो पाडला नाही, पादचाऱ्यांसाठी राखला. गंमत अशी की, पुरानंतर हेच आड आले: वाहतुकीच्या उपयोगात नसलेल्या पुलासाठी निधी देण्यास संघीय आपत्ती यंत्रणेने आधी नकार दिला, आणि परगण्याने चिकाटीने पाठपुरावा केल्यानंतरच तो मिळाला. मूळ पुलाची तपशीलवार मोजणी आधीच झालेली असल्यामुळे तीच रचना पुन्हा लाकडातच उभी करता आली. फक्त पुराचा विचार करून पूल पूर्वीपेक्षा उंच बसवला आहे. लाकूड नवे आहे हे खरे, परंतु मधली कमान वजन कशी पेलते, हे आत उभे राहून पाहता येईल असे दुसरे ठिकाण मला तरी ठाऊक नाही.

– सहल समिती निमंत्रक

---

निमंत्रक महोदय,

आपले म्हणणे पटले, माझी हरकत मी मागे घेतो. मात्र निमंत्रणपत्रात '१८५५ चा ऐतिहासिक पूल' असे छापले आहे, तेथे 'मूळ रचनेनुसार २०१८ मध्ये पुन्हा बांधलेला' अशी दुरुस्ती करावी आणि १९३२ ची हकीकतही दोन ओळींत द्यावी. माझ्यासह दोन जागा राखून ठेवाव्यात.

– तोच आजीव सभासद