मदत हवी आहे: मोडी कागदावरचा शुहूर सन (मराठेशाहीतली, अरबी अंकशब्दांत लिहिली जाणारी कालगणना) लावायचा आहे (वडोदरा)

घराण्याचं मोडी दप्तर विद्यापीठाच्या संग्रहाला देण्याआधी यादी करतोय. एका इनामपत्रावर अडलंय. मजकूर असा: ‘सन इसन्ने …तैन / …सैन मया व अलफ’, खाली ‘छ ७ रजब’ (म्हणजे रजब महिन्याचा ७ वा चंद्र). इसन्ने म्हणजे दोन, मया व अलफ म्हणजे अकराशे. दशकाचा शब्द नेमका घडीवर आलाय. सितैन (साठ) वाचलं तर ११६२, तिसैन (नव्वद) वाचलं तर ११९२.

शुहूर सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवायचे. रजब दोन्ही वर्षांत मृगाच्या अलीकडेच पडतो, त्यामुळे १७६२ किंवा १७९२. म्हणजे एक तर दमाजीराव गायकवाडांची कारकीर्द, नाही तर मानाजीरावांची. तीस वर्षांचा फरक आहे, अंदाजाने यादीत टाकणं मला पटत नाही. वार लिहिला असता तर जंत्रीवरून सुटलं असतं, पण तो कोपरा कसरीने खाल्लाय.

शाई काजळीची आहे. ती इन्फ्रारेडमध्ये काळीच उमटते, पाण्याचे डाग मात्र फिके पडतात. वडोदऱ्यात कोणाकडे आतला, इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढलेला कॅमेरा आहे का? कागद मीच घेऊन येईन.

आणखी एक: घडीच्या मागे जुनी सेलोटेप आहे, गोंद पिवळा होऊन कागदात मुरलाय. ओढली तर अक्षरंही निघतील, म्हणून हात लावलेला नाही. असं काम केलेल्या जाणकाराने आधी फोटो काढावा की टेप सोडवावी, एवढं सांगावं. लॅमिनेशन कृपया सुचवू नका.