चाळकेवाडीचा सरडा: भरपूर दिसतो, मग धोक्यात कसा?

सडाफिरस्ता
मेच्या शेवटी साताऱ्याहून सज्जनगड-ठोसेघर मार्गे चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो. पवनचक्क्यांखाली धोंड्याधोंड्यावर नर सरडे. गळ्याखालच्या कातडीचा पंखा उघडायचा, मानेला झटका, मिटायचा, परत उघडायचा. निळा, काळा, नारिंगी. २०१६ साली याची वेगळी जात म्हणून नोंद झाली, 'सरडा सुपर्बा'. प्रजातीचं नावच आपल्या मराठी शब्दावरून! २०१८ साली मारिया थॅकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा अभ्यास आला. पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले आणि तिथं सरडे वाढले, असं त्यात आहे. मग याला धोक्यातला का म्हणायचं? उगाच रडारड करायची सवय लागलीये आपल्याला.

कातळखूण
अर्धाच अभ्यास वाचलात. पुढे असंही आहे की त्या सरड्यांची अंगकाठी खालावलेली, नरांच्या पंख्याचे रंग फिके, आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नाहीत. खाणारी तोंडं वाढली, किडे तेवढेच. तुम्ही चार पावलांवरून फोटो काढला असेल ना? तो सरडा धीट नव्हता, सावध राहायचं विसरला होता.

सडाफिरस्ता
तीन पावलांवरून. पण फिका सरडा म्हणजे संपत चाललेला सरडा नव्हे.

ठोसेघरकर
शहरातून येऊन सरड्यावर बोलणं सोपं आहे. चक्क्या आल्या म्हणून रस्ता सुधारला, आमची चार पोरं तिथं वॉचमन आहेत. आणि सरडा चक्कीनं नाही मरत, गाडीखाली मरतो. शनिवार-रविवारच्या तुमच्याच गाड्या!

कातळखूण
गाड्यांचं मान्य, दादा. चक्क्या काढा असं मी म्हणतच नाही. माझा मुद्दा जागेचा आहे. आपली पठारं म्हणजे बेटं. मध्ये दाट रानाच्या दऱ्या, आणि हा उघड्यावरचा जीव, तो दरी उतरून पलीकडं चढायचा नाही. त्यात बेटाचेही रस्त्यांनी तुकडे पाडलेत. एका पठारावर गर्दी असली तरी शेजारच्यावरून गेला तर तिथं परत येणार कुठून? म्हणून जातीची स्थिती ठरवताना नुसती डोकी मोजत नाहीत, पसारा किती आणि तो सलग आहे का हेही बघतात.

हिरवापदर
मग पठारावर झाडं लावूया का? आमचा ग्रुप पावसाळ्यात दोनशे रोपं द्यायला तयार आहे.

कातळखूण
हात जोडतो, नका लावू! सडा, म्हणजे हे कातळाचं पठार, उजाड नसतो. कातळावर बोटभर माती, त्यात पावसाळी फुलं, गवत. या सरड्याला ऊन आणि मोकळा धोंडा लागतो. कागदावर 'पडीक' लिहिलं की जो तो खड्डे खणायला निघतो.

ठोसेघरकर
हे बरोबर बोललात. मागं लावली होती कुणीतरी, मार्चपर्यंत काटक्या झाल्या. धोंडेही हलवू नका म्हणावं लोकांना. फोटोसाठी उचलतात आणि तसेच टाकून जातात.

सडाफिरस्ता
रडारड हा शब्द मागे घेतो. 'धोका' अजून पूर्ण पटलेला नाही, पण पसाऱ्याचा मुद्दा मी धरला नव्हता. धोंड्याचं म्हणाल तर मीही एक उलटला होता, खाली विंचू निघाला. परत सरळ ठेवला की नाही, आठवत नाही.