मदत हवी आहे: कोल्हापूरची जुनी गाडी, रावेरहून कशी तपासू?

नमस्कार भाऊ-ताईंनो. आईला दर पंधरा दिवसांनी रावेरहून जळगावला दवाखान्यात न्यावं लागतं, एसटीचा प्रवास तिला आता झेपत नाही. म्हणून जुनी वॅगनआर शोधतोय. ऑनलाइन २०१७ ची एक सापडली, पण मालक कोल्हापूरचा. बोलायला गोड आहे, मात्र गाडी दाखवण्याआधीच २०,००० रुपये टोकन मागतोय. मन धजत नाही, अजून एक रुपया दिलेला नाही.

एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर बँकेचा बोजा दिसतो. तो म्हणतो कर्ज फिटलंय. मग बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा अर्ज) आधी मागू ना? एमएच ०९ ची गाडी जळगावला नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० शिवाय काय लागलं, कुणी नुकतंच केलं असेल तर सांगा.

खरी धास्ती पुराची आहे. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ ला केवढं पाणी आलं होतं! सीट बेल्ट पूर्ण ओढून चिखलाचे डाग बघायचे, सीटखालचा गंज बघायचा, एवढं मला माहीत आहे. आणखी काय तपासू? चेसिस नंबर आरसीशी जुळवून देईल असा तिकडचा भरवशाचा मेकॅनिक कुणाच्या ओळखीत आहे का? त्याची मजुरी मी देईन. रविवारी निघायचा विचार आहे, त्याआधी कळवा.